पाव टक्क्यासाठी बोट सोडू नये

चित्रकलेच्या सरांचं लग्न जमत होतं तेव्हा त्यांच्या आईने समोर बसलेल्या मुलीला सहज विचारलं, "काय गं, आमचा मुलगा पसंत आहे ना?" अशा वेळी मुली खाली बघतात, हसतात, निदान खोकतात तरी. ही म्हणाली, "कुणाच्या मानाने?"

आईने मुलाकडे पाहिलं. मुलाने छताकडे पाहिलं. छताला त्या प्रसंगी बोलण्यासारखं काही नव्हतं. मग मुलीनेच खुलासा केला. याआधी तिने आणखी काही स्थळं पाहिली होती. एकाचा पगार दुप्पट होता, पण तो स्वतःबद्दल चौपट बोलत होता. दुसरा दिसायला राजबिंडा होता, आणि ही बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचलेली होती. "त्यांच्या मानाने तुमचा मुलगा फार कमी भावात जातोय," ती म्हणाली. "लोकांचं लक्ष नाही, एवढंच."

सर हे वाक्य आजतागायत कौतुक म्हणून सांगतात. ते कौतुक होतं की नाही यावर घरात एकमत झालेलं नाही. आई मात्र तेव्हापासून ज्याला त्याला सांगत सुटली, "सून कसली, तागडी आणलीय घरात."

या तागडीचं मूळ तिच्या माहेरी होतं. तिची आई जुन्या फर्निचरचं दुकान चालवायची. कपाट चांगलं आहे का, असं गिऱ्हाइकाने विचारलं की ती म्हणायची, "चांगलं तर राजवाड्यातही असतं. एवढ्या पैशात शेजारच्या दुकानात काय मिळतं ते बघून या." गिऱ्हाईक जायचं, बघायचं आणि बहुतेक वेळा परत यायचं. एखादं परत आलं नाही तर बाई दुकान मुलीवर सोपवून स्वतः शेजारी जायच्या, तिथे काय स्वस्त झालंय ते बघायला. राग नाही, रुसवा नाही. अशा घरात वाढलेली मुलगी पुढे कर्जरोख्यांच्या धंद्यात गेली, याचं तिला ओळखणाऱ्या कुणालाही नवल वाटलं नाही. आपल्याला नवल वाटलं नाही याचंच काय ते वाटलं.

ती शिक्षकांच्या निवृत्ती निधीत काम करते. म्हणजे शाळाशाळांतल्या शिक्षकांच्या पगारातून जे कापलं जातं ते कुठे ठेवायचं हे ठरवते. त्या शिक्षकांत तिचा नवराही आला. कार्यालय चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. लांबट खोली, दोन पडदे, एक कुरकुरणारा पंखा आणि खिडकीत एक झाड. ते झाड मरत नाही आणि वाढतही नाही. तिच्या टेबलावर कधीही एक कागद एकटा दिसत नाही. नेहमी दोन, शेजारीशेजारी, लग्नाला बसवल्यासारखे.

कर्जरोखा ही तशी साधी चीज आहे. कंपनी लोकांकडून पैसे घेते आणि लिहून देते की अमुक साली परत करीन, तोवर इतकं व्याज देईन. असा कागद बाजारात विकताही येतो आणि त्याचा भाव रोज हलतो. कंपनी चांगली की वाईट हे सांगणारे बाजारात पैशाला पासरी आहेत. तिचं काम वेगळं. दोन सारख्या गोष्टी शोधायच्या ज्यांचे भाव सारखे नाहीत, किंवा दोन वेगळ्या गोष्टी शोधायच्या ज्यांचे भाव सारखेच आहेत, आणि मग विचारायचं, का? बहुतेक वेळा कारण सापडतं आणि ते रास्त असतं. कधीकधी सापडतच नाही. तेव्हा तिचा चेहरा असा होतो की सर स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केलाय ना ते बघून येतात.

असाच चेहरा घेऊन ती दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी घरी आली. खाडीपलीकडे माणसं आणि गाड्या नेणारी एक बोटकंपनी होती. तिचे दोन रोखे बाजारात होते. जुना रोखा बोटींवर तारण होता. कंपनीने हात वर केले तर बोटी विकून आधी जुन्यावाल्यांचे पैसे भागवायचे. त्याचं कर्ज दर वर्षी हप्त्याहप्त्याने फिटतही होतं. नव्या रोख्याला तारण नव्हतं, कंपनीचा शब्द तेवढा होता. नवा मोठ्या थाटात निघाला होता, पुस्तिकेवर निळं पाणी आणि दात दाखवणारं कुटुंब होतं, आणि निधीने तो भरपूर घेऊन ठेवला होता.

"जास्त किती देतो नवा?" सरांनी विचारलं.

"शंभराला पाव."

"पाव म्हणजे पाव टक्का?"

"हो. पाव टक्क्यासाठी आपण बोटीवरून उतरून शब्दावर उभे आहोत."

सरांना व्याजातलं फारसं कळत नाही, पण पाण्यावर शब्दावर उभं राहण्याचं चित्र त्यांना ताबडतोब दिसलं. तिने सगळा नवा रोखा विकला आणि जुना घेतला. परिणाम एवढाच झाला की त्या वर्षी निधीचा व्याजदर चिमूटभर घटला.

चिमूट शिक्षकांच्या खोलीत पोचेपर्यंत मूठ झाली. गणिताचे सर निधीच्या समितीवर शिक्षकांचे प्रतिनिधी. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला, आणि खडू ते फक्त गंभीर प्रसंगी ठेवतात. "चित्रकला, तुमच्या मंडळींनी आमचं व्याज खाल्लं," ते म्हणाले. "नगरपालिकेच्या इंजिनिअरांचा निधी आपल्यापेक्षा जास्त देतोय. हे काम बाहेरच्या कंपनीला द्यावं म्हणतो मी. ते टेबलच उठवा तिथलं."

सरांना राहवलं नाही. त्यांनी करड्या रंगाचे दोन सारखे चौकोन कापले, एक काळ्या कागदावर चिकटवला, एक पांढऱ्यावर, आणि सगळ्यांसमोर धरले. काळ्यावरचा उजळ दिसतो, पांढऱ्यावरचा मळका. रंग तोच. शेजार बदलला की मोल बदलतं. सातवीच्या वर्गात हा प्रयोग नेहमी टाळ्या घेतो.

गणिताच्या सरांनी दोन्ही चौकोन हातात घेऊन उलटून पाहिले. "म्हणजे," ते म्हणाले, "आमचे पैसे करड्या रंगात गुंतवलेत?"

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "उदाहरण अगदी बरोबर होतं," ती म्हणाली. "पण ज्याचं व्याज कमी झालंय त्याला रंग दाखवू नये."

पुढचं सगळं एका हंगामात घडलं. ऐन गर्दीत बोटकंपनीच्या दोन मोठ्या बोटींची इंजिनं बंद पडली, नफा निम्म्यावर आला आणि वर्तमानपत्रांनी खाडीच्या रुंदीचे मथळे दिले. पत ठरवणाऱ्या संस्थेने नव्या रोख्याला एक पायरी खाली उतरवलं. शंभराचा रोखा अठ्ठ्याहत्तरला मिळायला लागला. जुना मात्र अठ्ठ्याण्णववर ठाण मांडून होता. इंजिनिअरांच्या निधीकडे नवा रोखा पोत्याने होता. त्यांच्या वार्षिक सभेत खुर्च्या सरकल्याचे आवाज फार झाले म्हणतात.

आणि इकडे रोखेबाईंचा जन्म झाला. हे नाव गणिताच्या सरांनीच ठेवलं. "आमच्या रोखेबाईंनी तो रोखा नापास केला होता," असं ते आता परगावच्या शिक्षकांनाही सांगू लागले. 'तुमच्या मंडळीं'च्या 'आमच्या रोखेबाई' कधी झाल्या हे कुणाच्या लक्षात आलं नाही. चित्रकलेच्या सरांना शाळेत चहा पहिला मिळू लागला. कपही बशीसकट. मुख्याध्यापकांनी त्यांना जिन्यात थांबवून, घरासाठी कर्ज आता घ्यावं की थांबावं, असं विचारलं. सर म्हणाले, "विचारून सांगतो," आणि दोन पायऱ्या एकदम चढले. माणूस इतक्या वर्षांनी भावात आला होता, तो हे सुख जिभेवर घोळवत होता.

एका रविवारी बायको म्हणाली, "चल, खाडीपलीकडे जाऊन येऊ." सरांना वाटलं, फिरायला. तिने तिकडे जाताना आणि येताना बोटी बदलल्या, इंजिनखोलीच्या दाराशी उभी राहून वंगणाने माखलेल्या माणसाशी गप्पा मारल्या, गाड्यांची रांग फाटकाबाहेर किती लांब जाते ते चालत जाऊन पाहिलं. रांग वळणापलीकडे गेली होती. लोक बोटीला शिव्या देत होते आणि तिकीट काढत होते. दुसरा रस्ता अर्ध्या दिवसाचा होता. सर तेवढ्यात कठड्याला टेकून पाण्याचं एक रेखाटन करत होते, ते त्यांना साधत नव्हतं.

"नवा रोखा परत घ्यावा म्हणते," ती शेजारी येऊन म्हणाली.

सरांची पेन्सिल थांबली. "कुठला नवा?"

"तोच."

"तू नापास केलेला?"

"मी कशाला नापास करू? महाग होता. आता अठ्ठ्याहत्तर मोजले तरी व्याज शंभराचंच मिळतं, म्हणजे जुन्यापेक्षा चार टक्क्यांच्या वर जास्त देतोय. लोकांनी तो कंपनी बुडतेय म्हणून विकलेला नाही. पायरी उतरली की ठेवायचाच नाही असा मोठ्या विमा कंपन्यांचा नियम आहे, म्हणून विकलाय. नियमाने विकणारा भाव बघत नाही. आणि जुन्याचं कर्ज दर वर्षी फिटतंय, बोटी तेवढ्याच आहेत. दर वर्षी बोटींचा थोडा थोडा भाग मोकळा होतो. तो कुणाच्या वाट्याला येणार? नव्यावाल्यांच्या."

"चुकलं तर?"

"तर बाहेरची कंपनी येईल आणि माझं टेबल जाईल. गणिताचे सर टपूनच आहेत. म्हणून तर समितीकडे जुन्यातले सगळे पैसे नाही मागत, एक तृतीयांश मागतेय."

सरांनी पेन्सिल वहीत ठेवली. मग धीर करून म्हणाले, "तुला कल्पना नाही, पण शाळेत आता मला चहा पहिला मिळतो."

तिने या मुद्द्याचा मनापासून विचार केला. "तो जाईल," ती म्हणाली.

"वर्षभर थांबलीस तर?"

"वर्षभर हा भाव कोण थांबवून ठेवणार? तुझे मुख्याध्यापक?"

समितीची बैठक त्याच लांबट खोलीत झाली. सभासदांना मागे बसून ऐकायची मुभा असते. ती आजवर कुणी घेतली नव्हती, त्यामुळे मागे खुर्ची नव्हती. चित्रकलेचे सर झाडाशेजारी खिडकीला टेकून उभे राहिले. अध्यक्षस्थानी मोठ्या बाई, म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या चष्म्यावरून पाहण्याने एके काळी वर्गच्या वर्ग उठून उभे राहत.

बायकोने मांडायचं ते मांडलं. खोली अशी झाली की पंख्याची कुरकूर म्हणजे सूचनेला अनुमोदन वाटावं.

"बाई," गणिताचे सर म्हणाले, "हा रोखा तुम्ही नापास केला होता."

"पास-नापास तुमचं खातं, सर. मी महाग म्हटलं होतं."

"आणि आता?"

"आता स्वस्त आहे."

"का? कंपनी सुधारली?"

"नाही. थोडी बिघडलीच आहे."

"ऐका!" गणिताचे सर सगळ्यांकडे वळले. "कंपनी ठणठणीत होती तेव्हा विकलं आणि लंगडायला लागली तेव्हा घ्यायचं. वा! हे गणित मी पोरांना शिकवलं तर आईबाप शाळेवर मोर्चा आणतील."

"कंपनी एक पायरी उतरली, सर. भाव तीन मजले उतरला. मला त्या मधल्या अंतराशी काम आहे."

"आणि आम्ही गावभर सांगत फिरलो की आमच्या रोखेबाईंनी हा बाद केला! आता काय सांगायचं? पलटल्या?"

"सांगा. पलटलेच आहे मी. भाव पलटला."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांचा आवाज मात्र मऊ होता. "असं बघ, तू गप्प बसलीस तर तुझं काही बिघडत नाही. शाळाशाळांत तुझं नाव घेतात. जुना रोखा शांतपणे व्याज देतोय. हे विकतचं दुखणं कशाला घेतेस?"

"माझं नाव वाटून कुणाला पेन्शन देता येणार नाही, मोठ्या बाई," ती म्हणाली. "जुना आज महाग झालाय. सगळे घाबरून त्याच्यात शिरलेत. मी तो धरून बसले तर ती माझ्या नावाची काळजी झाली. तुम्ही मला पगार तुमच्या पैशांची काळजी घ्यायला देता."

खिडकीशी उभ्या असलेल्या सरांना तेव्हा काय वाटलं ते त्यांनी नंतर कुणाला नीट सांगितलेलं नाही. एवढं खरं, की इतके दिवस ते ज्यावर छाती फुगवून हिंडले तो अभिमान लोकांनी आणून दिलेला होता, आणि लोकांना तो केव्हाही परत नेता आला असता. बायकोला सगळ्यांनी बरोबर ठरवलं म्हणून ते ताठ झाले होते. आता ती ते सगळं बरोबरपण टेबलावर ठेवून म्हणत होती, हे घ्या, मला याची गरज नाही. आपल्या घरात इतकं धीट माणूस सकाळी डबा भरतं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी झाडाचं एक पान चुकून तोडलं.

"आता हातच वर करा," मोठ्या बाई म्हणाल्या. हात समसमान वर झाले. गणिताच्या सरांचा विरोधात होता आणि कोपरापासून ताठ होता. निर्णय मोठ्या बाईंवर आला आणि त्यांनी सुस्कारा टाकला. "मागितलंय त्याच्या निम्मं घे. आणि चुकलीस तर त्या बाहेरच्या कंपनीच्या पत्रावर मला सही करावी लागेल, हे आत्ताच सांगून ठेवते."

"चालेल," ती म्हणाली आणि कागद गोळा केले. दोन दोन.

बाजारात चांगल्या कल्पनेला लगेच फळ येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचे महिने बघायला हवे होते. अठ्ठ्याहत्तरचा रोखा बहात्तरवर आला. शाळेत चहा आधी दुसरा झाला, मग शेवटचा, मग सर स्वतः करून घेऊ लागले. "काय चित्रकला, बोट कुठवर आली?" गणिताचे सर रोज विचारायचे. सर म्हणायचे, "धक्क्याला लागलेली नाही अजून." घरी ते भावाचं अवाक्षर काढत नसत. रात्री जेवताना बायकोकडे चोरून बघत. ती नीट जेवत होती. एकदा ताटात भात तसाच राहिला तेव्हा सरांचा जीव खाली-वर झाला. भात कच्चा होता असं निघालं. तो त्यांनीच केला होता.

मग इंजिनं दुरुस्त झाली. जुन्याचा हप्ता ठरल्या दिवशी भरला गेला. हंगाम बरा गेला. नियमाने विकणाऱ्यांचं विकून संपलं. त्यानंतर काहीच झालं नाही, आणि रोख्यांच्या धंद्यात याच्याइतकी चांगली बातमी नसते. भाव ऐंशी झाला, पंच्याऐंशी झाला, कुठेही मथळा न देता ब्याण्णव झाला. दोन रोख्यांच्या व्याजातलं अंतर आटत आटत दीड टक्क्यावर आलं. एका सकाळी डबा भरता भरता बायको म्हणाली, "तो नवा कालपासून विकायला काढलाय."

"का? आता तर चांगला चाललाय!"

"म्हणून तर."

वर्षअखेरीला निधीची पत्रकं शाळेत आली. दर वाढला होता, आणि या वेळी चिमटीच्या बराच वर. गणिताच्या सरांनी पत्रक दोनदा वाचलं, मनात काही भागाकार केला आणि खडू हातातच ठेवून म्हणाले, "बाजार सुधारला म्हणायचा." इतरांनीही माना डोलावल्या. बाजार खरंच सुधारला होता. हवाही सुधारली होती. चित्रकलेच्या सरांनी तोंड उघडलं, पण सांगायचं तर बोटीपासून सुरुवात करावी लागली असती आणि तास भरल्याची घंटा झाली होती.

संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं, "दर वाढल्याचं कळलं सगळ्यांना. तुझं नाव कुणी काढलं नाही."

"शिव्यासुद्धा नाहीत?"

"नाहीत."

"मग टेबल राहिलं," ती म्हणाली, पाय वर घेऊन बसली आणि तिने त्या दिवशीचा पहिला चहा गरम असताना प्यायला.

हे सगळं ऐकत असलेल्या सासूबाईंना मात्र ते सोसलं नाही. "कुणीच काही बोललं नाही? एवढं कमावून दिलं माझ्या सुनेनं, आणि एका मास्तराच्या तोंडून शब्द निघू नये? तो गणितवाला राहतो कुठे?"

"आई, तू त्याला काय समजावणार?"

"समजवायचं कशाला? सांगायचं." त्यांनी चपला सरकवल्या. गणिताचे सर लांब राहत होते, म्हणून समोरच्या दारच्या शेजारणीवर भागलं. जिन्यात त्यांचा आवाज घुमू लागला. "अहो, एकदा विकलं, मग तेच घेतलं, आणि परत विकलं! लोक म्हणाले पलटली. पलटेल नाही तर काय करेल, डोकं आहे तिला! नेमकं काय केलं ते मला विचारू नका, ते कळायला वेगळी अक्कल लागते. पण दुसऱ्या कुणाला करून दाखवू दे."

"अहो, जाऊन दार लावून घ्या ना," बायको म्हणाली. ती लाजली की नवऱ्याला अहो म्हणते. "सगळा जिना ऐकतोय."

सर उठले आणि दारापर्यंत गेले. वरच्या मजल्यावरही कुणीतरी कठड्यावरून वाकून ऐकत होतं. सरांनी दाराची कडी हातात धरली, थोडा विचार केला, आणि दार होतं त्याहून जास्त उघडून ठेवलं.